आळशी नव्हे, झोपेची उपाशी

नववी-दहावीतल्या मुलाला सकाळी सहाला उठवणं हा घरोघरी रोजचा वाद. दोन हाका, तिसऱ्याला पांघरूण ओढणं, आणि मग ठरलेली बोलणी: ‘आम्ही तुझ्या वयात पाचला उठायचो’, ‘रात्री मोबाइल बघायला बरी जाग असते!’ मूल डोळे मिटूनच ब्रश तोंडात धरतं, रिक्षात शेजाऱ्याच्या खांद्यावर मान टाकतं आणि पहिल्या तासाला जांभई दिली म्हणून पुन्हा बोलणी खातं.

मोबाइलचा दोष आहेच. पण सगळं खापर त्याच्यावर फोडता येत नाही. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणारं मेलाटोनिन हे संप्रेरक लहानपणापेक्षा उशिरा, कधी कधी दोन तासांनी स्रवू लागतं. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या मेरी कार्सकाडन यांनी अनेक वर्षं याचा अभ्यास केला आहे. दहाला अंथरुणावर पडलं तरी अशा मुलाचा डोळा लवकर लागत नाही, तो हट्टामुळे नव्हे.

गरज मात्र कमी झालेली नसते. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप हवी. आता हिशेब करा. क्लास सुटतो साडेआठला, जेवण आणि गृहपाठ उरकेपर्यंत अकरा, सातच्या शाळेसाठी उठायचं साडेपाचला. झोप झाली जेमतेम साडेसहा तास. ही तूट आठवडाभर साचते आणि रविवारी मूल अकरापर्यंत झोपलं, की त्यालाच ऐदी म्हटलं जातं.

सिअ‍ॅटल शहरात २०१६मध्ये माध्यमिक शाळांची वेळ ७.५० वरून ८.४५ केली. मुलं आणखी जागत बसतील, ही भीती खरी ठरली नाही. त्यांची झोप रोज ३४ मिनिटांनी वाढली. कॅलिफोर्नियात तर २०२२पासून माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवायला कायद्यानेच मनाई आहे. ग्रामीण भागातल्या काही शाळांना तेवढी सूट आहे.

महाराष्ट्रातही हा विचार झाला, पण अर्धाच. फेब्रुवारी २०२४च्या शासन निर्णयाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवायला सांगितलं. चिमुकल्यांची काळजी घेतली हे उत्तमच. मात्र ज्यांचं शरीर खरोखर उशिरा झोपतं, ती मोठी मुलं त्यातून वगळली गेली. दोन सत्रांत भरणाऱ्या शाळांना वर्गखोल्यांची अडचण असते, हे खरं. तरीही पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या बैठकीत पालकांनी हा विषय मांडावाच, आणि तोवर घरातल्या मुलाला निदान आळशी म्हणू नये.