माळरान : जमिनीखालचे मुद्दल

सोलापूरजवळील नान्नजच्या माळावर भर उन्हाळ्यात वाळलेले गवत, मुरूम आणि एखाददुसरी बाभूळ एवढेच दृष्टीस पडते. सरकारी दप्तरात अशा जमिनीची नोंद अनेकदा ‘पडीक’ म्हणून होते. वास्तविक ती भरलेली पेढी आहे. तिची तिजोरी तेवढी जमिनीखाली असते.

पवन्या, मारवेल, कुसळी ही गवते आपल्या कमाईचा मोठा हिस्सा मुळांत साठवतात. वर दिसणारे पाते हे व्याज, तर मूळ हे मुद्दल. म्हणूनच दुष्काळात पाती करपली तरी पहिल्या पावसाबरोबर माळ पुन्हा हिरवा होतो. कार्बनही याच मुळांत व मातीत धरून ठेवला जातो.

आज या मुद्दलावरच आच आली आहे. औद्योगिक युगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे 280 भाग होते. आता ते 420 हून अधिक आहेत. माळावरील बहुतेक गवते हा वायू मुळातच काटकसरीने वापरतात, त्यामुळे वाढीव पुरवठ्याचा त्यांना फारसा लाभ होत नाही. झाडेझुडपे मात्र त्यावर जोमाने वाढतात आणि त्यांच्या सावलीत ऊन मागणारे गवत मागे हटते. पाऊसही लहरी झाला आहे. मोठ्या खंडानंतर तो एकदम कोसळतो आणि मुळांची वीण विरळ असेल तेथील माती वाहून नेतो.

त्यात सद्हेतूने झालेल्या चुकीची भर पडली. पडीक समजून माळांवर गिरिपुष्पासारखी परदेशी झाडे लावण्यात आली. माळढोकासाठी 1979 मध्ये येथे अभयारण्य घोषित झाले. परंतु मोकळ्या गवतावर जगणारा हा पक्षी आज तेथे क्वचितच दिसतो. काळवीट, लांडगा, खोकड आणि धनगरांच्या मेंढ्या यांचाही आधार हाच माळ आहे.

श्रावक कुटुंबांत पुण्यतिथीनिमित्त वृक्षारोपणास देणगी देण्याची प्रथा रूढ होत आहे. हेतू स्तुत्यच आहे. तथापि ही जमीन पूर्वी जंगलाची होती की गवताची, हे देणगीपूर्वी अवश्य विचारावे. गवताची असल्यास खड्डे न खणता देशी गवताचे बी पेरणे आणि कुरणाला आळीपाळीने विश्रांती देणे, यासाठी तेच दान द्यावे. त्यातून पांजरपोळांना चाराही मिळू शकेल. भगवान शांतिनाथांचे लांछन मृग आहे. त्या मृगाचे घर राखणे हीसुद्धा जीवदयाच होय.