तांदळाएवढी नळी

इंग्लंडमध्ये शनिवार-रविवारी एखाद्या शाळेच्या नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये जुन्या मॉडेल आगगाड्यांचा बाजार भरतो. त्याला तिथे स्वॅपमीट म्हणतात. मूळ खोक्यासकट जपलेल्या महागड्या गाड्यांकडे लोक आदराने बघतात आणि पुढे सरकतात. झुंबड असते ती टेबलाखाली ढकललेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यापाशी. आत बफर तुटलेली इंजिनं, चाकं हरवलेले डबे, गुंतलेल्या वायरी, आणि वर हाताने लिहिलेली चिठ्ठी : ‘नॉन-रनर’. चालत नाही, बघून घ्या.

या खोक्यात बरेचदा हाताला लागतं ते ट्राय-अँग कंपनीचं ‘जिंटी’. लंडन मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वेच्या सहाचाकी शंटिंग इंजिनाची ही १९५०च्या दशकातली प्रतिकृती, तळहातावर मावेल एवढी. ती इतकी खपली होती की आजही स्वस्तात मिळते. माझं तर म्हणणं आहे की पहिलं इंजिन घ्यायचं ते असं बंद पडलेलंच घ्यावं. कारण ते बहुतेक वेळा नुसतं मळलेलं असतं.

स्क्रू काढला की प्लॅस्टिकचं कवच उचलून येतं आणि सगळा कारभार उघडा पडतो. एका रुळातली वीज एका बाजूच्या चाकांत येते, आसातून धातूच्या चेसीत उतरते. दुसऱ्या बाजूची चाकं आसापासून विजेच्या दृष्टीने तोडलेली असतात. त्यांची वीज एक पातळ पट्टी घासून गोळा करते आणि वायरीने मोटरकडे पाठवते. मोटरचे दोन कार्बन ब्रश फिरत्या तांब्यावर दाबून धरायला स्प्रिंग मात्र एकच, चिमट्यासारखी दोन पायांची. तिचा एक पाय उघडा असतो, तो चेसीची वीज पहिल्या ब्रशला देतो. दुसऱ्या पायावर तांदळाच्या दाण्याएवढी एक वीजरोधक नळी चढवलेली असते, म्हणजे वायरीने आलेली वीज दुसऱ्या ब्रशमध्येच राहते. ती नळी गळून पडली की दोन्ही रुळांची वीज स्प्रिंगमध्येच गळाभेट घेते, मोटरपर्यंत जातच नाही. लगेच शॉर्ट! कुणीतरी वैतागून इंजिन माळ्यावर टाकतं, आणि पन्नास-साठ वर्षांनी ते या खोक्यात येतं. इलाज काय, तर जुन्या वायरीचं चिमूटभर आवरण सोलून त्या पायावर चढवायचं.

नळी जागेवर असेल तर नजर कम्यूटेटरकडे. तांब्याचे तीन तुकडे एका गोलात बसवलेले, मध्ये केसाएवढ्या फटी. ब्रश झिजतात, त्यांची काळी भुकटी त्या फटींत बसते, आणि कार्बन विजेचा वाहक असल्यामुळे तुकडे एकमेकांना जोडले जातात. लाकडी टूथपिकने फटी कोरायच्या, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने तांबं पुसायचं. जुनं तेल चिक्कीच्या पाकासारखं घट्ट झालेलं असतं, तेही खरवडून काढायचं. नवं तेल एकच थेंब. दुसरा थेंब कम्यूटेटरवर उडतो आणि केलेल्या साफसफाईवर पाणी पडतं.

आता मोह होतो तो मोटर पुरती सोडवून चकाचक करण्याचा. इथे मात्र हात आखडता घ्यावा. या जुन्या मोटरीतला चुंबक अल्निकोचा, म्हणजे लोखंडात अॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट मिसळून केलेल्या मिश्रधातूचा. त्याच्या दोन टोकांमध्ये फिरणाऱ्या आर्मेचरचं लोखंड आहे तोवर चुंबकीय क्षेत्राला सोपी वाट असते. लोखंड काढून घेतलं की ते क्षेत्र हवेतून वळसा घालू लागतं आणि चुंबक स्वतःचंच बळ उतरवून बसतो. डोळ्यांना काही दिसत नाही. पुन्हा जोडल्यावर मोटर फिरतेही, पण वीज भरमसाट खाते, तापते आणि डबे ओढायची वेळ आली की मान टाकते. त्यावर तोडगा म्हणून हल्ली लोक तिथे छोटे निओडिमियम चुंबक बसवतात.

खरोखर असाध्य रोग एकच, आणि तो जस्ताचा. जस्ताच्या ओतीव मिश्रधातूत, ब्रिटिश लोक ज्याला मझॅक म्हणतात त्यात, ओतताना शिशाची थोडीशी भेसळ झाली असेल तर ओलाव्याने तो आतून कणाकणाने कुरतडला जातो. भाग फुगतो, वाकतो, भेगाळतो आणि शेवटी बिस्किटासारखा चुरतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या हॉर्नबी कंपनीच्या गाड्या याने पुष्कळ गेल्या. या शतकातली काही मॉडेलंही सुटलेली नाहीत. म्हणून विकत घेताना रंग उडालाय का हे नंतर बघावं, आधी चेसी सरळ आहे का ते डोळ्यांच्या रेषेत धरून बघावं. (आणि सोबत जुना, थेट भिंतीतल्या विजेवर चालणारा कंट्रोलर फुकट मिळत असेल तर तो तिथेच ठेवून यावा. रुळांत बारा व्होल्ट असतात, भिंतीत नाही.)

मोटरीची एक करामत तर थक्क करणारी आहे. युरोप-अमेरिकेतली एचओ मॉडेलं १:८७ प्रमाणाची, दोन रुळांतलं अंतर १६.५ मिलिमीटर. ब्रिटनची खरी इंजिनंच अंगाने लहान, त्यामुळे त्या प्रमाणात केलेल्या प्रतिकृतीत त्या काळची मोटर मावेना. मग त्यांनी कवच १:७६ ला वाढवलं आणि रूळ तेच ठेवले. परिणामी ब्रिटनमध्ये आजही ओओ नावाच्या या प्रमाणातली गाडी तिच्या अंगाला अरुंद पडणाऱ्या रुळांवर धावते. पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय ज्यांनी पाहिलंय, त्यांना इतक्या छोट्या जगात एखाद्या मिलिमीटरचीही काय किंमत असते ते सांगायला नको.

दुरुस्त इंजिनाला रुळांवर ठेवलं की आधी एक हिसका, मग ब्रशांच्या ठिणग्यांनी तयार झालेल्या ओझोनचा आणि कोमट तेलाचा वास. लगेच पूर्ण वेग द्यायचा मोह आवरावा. १९३८ मध्ये ‘मॅलार्ड’ने वाफेच्या इंजिनांचा विक्रम केला तो ताशी सुमारे २०३ किलोमीटरचा, ७६ने भागला तर तो ताशी पावणेतीन किलोमीटरही भरत नाही, आजोबांची शतपावली याहून जलद. आणि यार्डात माणसाच्या चालीने, ताशी पाच किलोमीटरने डबे ढकलणारं जिंटी? सेकंदाला दोन सेंटिमीटरसुद्धा नाही. खरी परीक्षा या गतीला असते. नॉब अगदी थोडा फिरवायचा, कान खाली न्यायचा. इंजिन एकेका स्लीपरवरून सरकतं, आणि मोटर फिरताना बारीक ठोके ऐकू येतात, ब्रशांखालून सरकणाऱ्या तांब्याच्या तुकड्यांचे.