शेपूटजड विमान एकदाच उडतं!

“काय गं, दर रविवारी विमान उडवायला जातेस म्हणे? कुठे, लोहगावला?”

मेसच्या मावशींनी हा प्रश्न विचारला तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते आणि मी एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात थर्माकोलचा सव्वा मीटरचा पंख घेऊन होस्टेलचा जिना उतरत होते. (पंख तिरका धरावा लागतो, नाहीतर वळणावर अडकतो. हे कुठल्याच पुस्तकात नाही!) मावशींना म्हटलं, “विमान उडवते, पण स्वतः जमिनीवर उभी राहून.” त्यांचा चेहरा पाहून वाटलं, हे जरा नीट समजावून सांगायला हवं. म्हणून हा लेख. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी संपादकांवर!

फ्लाइंग क्लब म्हटलं की आपल्याला जुहूचा बॉम्बे फ्लाइंग क्लब आणि 1929 मध्ये भारतातला पहिला पायलट परवाना मिळवणारे जेआरडी टाटा आठवतात. ते खरंखुरं उडणं, पण त्याचा तासाचा खर्च ऐकला तरी आपण जमिनीवर येतो. आमचा क्लब गरिबांचा. आम्ही एरोमॉडेलर्स, म्हणजे छोटी विमानं स्वतः बनवून रिमोटवर उडवणारे लोक. पंधरा-वीस जण आहोत. त्यात एक दाताचे डॉक्टर, एक रिक्षावाले दादा, बँकेतून रिटायर झालेले दोघं, आम्ही चार-पाच इंजिनिअरिंगवाले, आणि सगळ्यांचे गुरू म्हणजे काका. काका वर्कशॉपमध्ये फिटर होते. शिक्षण दहावी. पण विमान हातात घेतलं की ते कुठल्या बाजूला वळणार हे उडायच्या आधीच सांगतात.

क्लबचं वर्ष पावसाळ्यात सुरू होतं. जून ते सप्टेंबर माळावर चिखल असतो, म्हणून तेव्हा काकांच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये बांधणी चालते. बाल्सा हे खूप हलकं लाकूड, पण ते दक्षिण अमेरिकेतून येतं आणि महाग पडतं. म्हणून आम्ही नवखे थर्माकोल, फोम शीट आणि सनपॅकवर भागवतो. पहिला धडा गोंदाचा! फेव्हिक्विक थर्माकोलला लावलं की थर्माकोल विरघळतो. माझा पहिला पंख असाच गेला. खंडेनवमीला विमानं, रिमोट आणि सोल्डरिंग गन यांची एकत्र पूजा होते आणि त्यानंतर उड्डाणं सुरू. संक्रांतीच्या आसपास मात्र सुट्टी, कारण आकाशात मांजा असतो.

मैदान म्हणजे दिवे घाट चढून गेल्यावर एका शेतकरी काकांचा पडीक माळ, त्यांच्या परवानगीने. इतक्या लांब का? 2021 च्या ड्रोन नियमांत रिमोटवरची विमानंही येतात. या नियमांनी आकाशाचे लाल, पिवळा आणि हिरवा असे भाग पाडलेत. हिरव्यातसुद्धा 400 फुटांपर्यंतच (120 मीटर) उडवायचं. लोहगावचा तळ हवाई दलाचा, त्यामुळे शहराजवळ विषयच नाही. नकाशा बघायचं काम बँकवाल्या काकांचं, आणि ते त्यात चेकवरची सही तपासल्यासारखे काटेकोर आहेत.

माळावर पोचल्यावर लगेच उडवायला मिळत नाही. आधी चिमूटभर सुकं गवत सोडून वारा बघायचा. मग रिमोट घेऊन तीसेक पावलं लांब जायचं आणि सिग्नल पोचतोय का बघायचं. मग डावं-उजवं, वर-खाली सगळी पाती बरोबर हलतात का बघायचं. मग तोल. हे झालं की शिकाऊ माणसाचा रिमोट काकांच्या रिमोटला वायरने जोडतात. आपण चुकलो की काका एक बटण सोडतात आणि ताबा त्यांच्याकडे जातो. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत दुसरा ब्रेक असतो तसंच. दहा वाजले की उन्हाने माळ तापतो, गरम हवा वर चढू लागते आणि घारी पंख न हलवता गोल फिरायला लागतात. तेव्हा ग्लायडरवाले आपली विमानं घारींच्या खाली नेतात. घार फुकटात लिफ्ट कुठे आहे ते दाखवते!

आता मुख्य गोष्ट. ती थोडी लाज वाटणारी आहे.

गेल्या नोव्हेंबरमध्ये मी माझं स्वतःचं डिझाइन घेऊन गेले. पंख 120 सेंटीमीटर लांब, 20 सेंटीमीटर रुंद, वजन 900 ग्रॅम. कॉम्प्युटरवर मॉडेल केलेलं, एक्सेल शीट भरलेली. सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी पंखाच्या पुढच्या कडेपासून 6 सेंटीमीटरवर, म्हणजे रुंदीच्या 30 टक्क्यांवर. साध्या विमानासाठी 25 ते 33 टक्के चांगले मानतात, म्हणजे मी एकदम बरोबर!

काका दुसऱ्याच्या मोटरमध्ये डोकं घालून बसले होते. तिथूनच त्यांनी विचारलं, “तोल पाहिलास का गं?”

मी म्हटलं, “हो काका.”

पाहिला नव्हता. स्क्रीनवर पाहिला होता. मला वाटलं, एकच.

ट्रेनिंगचे तास झालेले असल्यामुळे मी वायरशिवाय उडवत होते. दादांनी विमान हातातून सोडलं. ते वर गेलं, आणखी वर गेलं, नाक आकाशाकडे. मी स्टिक पुढे ढकलली तर एकदम खाली झेपावलं, मागे ओढली तर पुन्हा उभं. तीन-चार हेलकावे झाले, मग ते एका पंखावर पडलं आणि वळून थेट बांधाकडे गेलं. बांधावर वाडीतली पोरं बघायला उभी होती.

एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा होता. विमान त्याच्यापासून दहा फुटांवर आदळलं. पुढे फिरता पंखा, आत लिथियम बॅटरी. मुलगा रडलाही नाही, नुसता उभा राहिला. माझे हात थरथरत होते.

काका मला काही बोलले नाहीत. मुलाला पाणी दिलं, बॅटरी काढून लांब वाळूच्या बादलीत ठेवली आणि मला म्हणाले, “चल, त्याच्या घरी जाऊ.” मुलाची आई चुलीपाशी होती. काकांनी सगळं खरं सांगितलं. मी “सॉरी” म्हटलं, मग “चुकलं माझं” म्हटलं. तिने पोराला उलटंसुलटं फिरवून पाहिलं आणि म्हणाली, “लागलं न्हाई ना? मग ऱ्हाऊ द्या.” आणि चहा टाकला. तो चहा मला गिळवत नव्हता.

परत आल्यावर काकांनी मोडका पंख टेपने जोडला आणि दोन बोटं माझ्या 6 सेंटीमीटरच्या खुणेखाली धरून विमान उचललं. शेपूट धपकन खाली गेली.

“उलाळ आहे की गं,” काका म्हणाले.

हा शब्द मला माहीत नव्हता. बैलगाडीत मागे जास्त ओझं भरलं की पुढचं जू वर उचललं जातं. बैलांच्या मानेवर भारच येत नाही, गाडी ताब्यात राहत नाही. ती गाडी उलाळ. सेंटर ऑफ ग्रॅव्हिटीची व्याख्या मी तीन परीक्षांत लिहून मार्क मिळवलेत, पण ती समजली त्या एका शब्दाने.

विमानात हे असं होतं. वाऱ्याच्या झुळकीने नाक जरा वर झालं की पंख आणि शेपूट दोघांवरची उचल वाढते. ही वाढीव उचल एका ठरावीक बिंदूवर लागते, त्याला न्यूट्रल पॉइंट म्हणतात. वजनाचा बिंदू त्याच्या पुढे असेल तर वाढलेली उचल मागचा भाग उचलते, नाक आपोआप खाली येतं आणि विमान स्वतःला सावरतं. वजनाचा बिंदू त्याच्या मागे गेला तर उलट होतं. नाक वर गेलं की आणखी वर, खाली आलं की आणखी खाली. मग पायलट कितीही हुशार असला तरी त्याचा हात नेहमी अर्धा सेकंद उशिरा पोचतो. आमच्याकडे म्हणतात, नाकजड विमान नीट उडत नाही, पण शेपूटजड विमान एकदाच उडतं.

माझा हिशोब कुठे चुकला? शेपटीला लावलेला जादा गोंद, रंग, टेप आणि खालची घसरपट्टी कॉम्प्युटरला माहीतच नव्हती. सगळं मिळून 40 ग्रॅम, एका केळ्याच्या निम्मंही नाही! पण ते वजन बॅलन्स पॉइंटच्या 55 सेंटीमीटर मागे होतं. 40 गुणिले 55 म्हणजे 2200, भागिले एकूण वजन 900, म्हणजे तोल जवळजवळ अडीच सेंटीमीटर मागे सरकला. 30 टक्के म्हणता म्हणता 42 टक्के झाले.

हे दुरुस्त करायला नाकात शिसं भरायचं तर नाक फक्त 25 सेंटीमीटर पुढे, म्हणजे 88 ग्रॅम लागणार. मागच्या 40 ग्रॅमच्या चुकीला पुढे दुपटीपेक्षा जास्त दंड! काकांनी शिसं दिलं नाही. 150 ग्रॅमची बॅटरी पंखाखालून काढून 15 सेंटीमीटर पुढे सरकवायला लावली. 150 गुणिले 15 म्हणजे 2250. झालं काम. खर्च शून्य.

नंतर लायब्ररीत वाचताना कळलं की हे कोडं विमानांपेक्षाही जुनं आहे. इंग्लंडच्या जॉर्ज केली यांनी 1804 मध्ये हाताने सोडायचं एक छोटं ग्लायडर बनवलं, त्यात तोल बदलता यावा म्हणून पुढेमागे सरकवता येणारं वजन होतं. 1871 मध्ये पॅरिसच्या बागेत आल्फाँस पेनॉने रबरबँडवर चालणारं मॉडेल उडवलं. ते 11 सेकंदांत सुमारे 40 मीटर गेलं आणि स्वतःच सावरत गेलं. राइट बंधूंना लहानपणी वडिलांनी आणून दिलेलं उडतं खेळणं पेनॉच्याच पद्धतीचं होतं. म्हणजे मॉडेल हा पोरखेळ नाही, मोठी विमानं त्यातूनच आली आहेत.

पण मला त्या दिवशी लागलेला धडा फक्त तोलाचा नव्हता. “हो काका” या दोन शब्दांचा होता. व्हायव्हात आपण न बघितलेलं बघितलं म्हणून सांगतो आणि चालून जातं. जर्नलमध्ये रीडिंग “सेट” करतो, तेही चालतं. माळावर त्या खोट्या रीडिंगच्या समोर दहा फुटांवर कोणाचं तरी पोर उभं असतं. उद्या आपण पूल, लिफ्ट, बॉयलर करणार आहोत, तिथेही असेल.

आता आमच्याकडे नवा नियम आहे. तोल पाहिला का असं कोणी विचारत नाही, “दाखव” म्हणतात. आणि प्रेक्षक पायलटच्या मागे, दोरीच्या आत. वाडीतल्या त्या मुलाला काकांनी एक काम दिलंय. प्रत्येक विमान उडायच्या आधी तो दोन बोटांवर उचलून बघतो. मागच्या रविवारी माझं विमान त्याने उचललं, मान तिरकी करून बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, “जरा नाकाड हाय ताई. पर उडंल.”

उडालं!

तुम्हाला यायचं असेल तर रविवारी पहाटे साडेपाचला होस्टेलच्या गेटपाशी या. विमान नसलं तरी चालेल. टोपी आणि पाण्याची बाटली मात्र आणा.

— टी. ई. (मेकॅनिकल)