विहिरीचे पाणी आणि अतिनील दिवा



सुप्याच्या वाड्यावस्त्यांवर घरच्या विहिरीचे पाणी पिणारी कुटुंबे आहेत. ‘यूव्हीचे मशीन घ्यायला गटातून कर्ज काढावे का?’ असे आमच्या बचत गटांत विचारले जाते. आज त्याबद्दलच बोलू.

पाणी दिसायला नितळ असले तरी त्यात जुलाब, कावीळ, विषमज्वराचे जंतू असू शकतात. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड या भागांत हातापायांतली ताकद घालवणाऱ्या जीबीएसचे रुग्ण वाढले. तेव्हा पहिला संशय गेला तो पाण्यावर, तिथल्या विहिरीवर.

यूव्ही म्हणजे अतिनील किरण. ते डोळ्यांना दिसत नाहीत. मशीनमधल्या दिव्यापुढून पाणी वाहते, तेव्हा हे किरण जंतूच्या पेशीत शिरून त्याची वाढ थांबवतात. वाढ थांबली की जंतू आपल्याला आजारी पाडू शकत नाही. पाण्यात औषध पडत नाही, चवही बदलत नाही.

मुंबईत जन्मलेले शास्त्रज्ञ अशोक गाडगीळ यांनी 1990 च्या दशकात, भारतातल्या कॉलऱ्याच्या साथीनंतर, गावांसाठी असे स्वस्त यंत्र तयार केले. ते जुन्या बल्बइतक्या विजेवर मिनिटाला सुमारे 15 लिटर पाणी निर्जंतुक करते. त्यांनी दिवा पाण्यात न बुडवता वर टांगला, म्हणजे त्यावर क्षार बसत नाहीत.

घरगुती मशीनमध्ये मात्र दिवा बहुधा काचेच्या नळीत असतो आणि पाणी नळीला लागून वाहते. आपल्याकडच्या जड पाण्याने नळीवर पांढरा थर चढतो आणि किरण अडतात. गढूळ पाण्यातही जंतू मातीच्या कणाआड लपतात. म्हणून पाणी आधी तुरटीने निवळावे, गाळावे, मगच मशीनला द्यावे. नळी वेळोवेळी साफ करून घ्यावी. दिवा साधारण वर्षाने बदलावा. जुना दिवा उजेड देत राहतो, पण त्याचे किरण कमी झालेले असतात. उघड्या दिव्याकडे कधीही पाहू नये, डोळ्यांना इजा होते.

यूव्हीने खारटपणा, फ्लोराइड किंवा खतातून उतरलेले नायट्रेट जात नाही. नायट्रेट उकळूनही जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. तान्ह्या बाळाला वरचे दूध पाजणाऱ्या घरी हे जपायलाच हवे. म्हणून कर्जाच्या आधी पाणी तपासा. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना तपासणी संच वापरायला शिकवतात. आपल्या गावात त्या कोण आहेत, ते ग्रामपंचायतीत विचारा.

पाण्यात फक्त जंतूंचाच दोष निघाला, लाइट टिकत असली आणि दरवर्षी दिव्याचा खर्च झेपणार असला, तर मशीन जरूर घ्या. नाहीतर पाणी खळखळून उकळणे किंवा मेडिक्लोरचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाकणे, हेही तितकेच खात्रीचे आहे. लाइट गेली की मशीनवाल्या घरांनीही हेच करायचे.

शेवटचे एक. यूव्हीचे पाणी साठवले की त्याला पुढचे संरक्षण नसते. हंडा घासलेला असावा, वर झाकण असावे आणि पाणी ओगराळ्याने घ्यावे. हंड्यात बुडालेला एक अस्वच्छ हात मशीनचे सगळे काम वाया घालवतो.