लोकल टेबलावर आणताना

मंडळी, प्रतिकृती म्हणजे सगळी मापं एकाच पटीत लहान करणं, असं आपण धरून चालतो. आता मुंबईची लोकल घ्या. एचओ हे प्रमाण 1:87. आपला ब्रॉडगेज 1676 मिलिमीटर. त्याला 87नं भागलं तर येतात साधारण 19.3. पण एचओचा तयार रूळ मिळतो 16.5चा, कारण तो युरोपातल्या 1435 मिलिमीटर गेजवरून काढलेला. मग रूळ हातानं बनवायचा, की डबे अरुंद रुळावर चालवायचे? आपण बहुतेक जण दुसरं करतो. बाजूनं पाहताना ते खटकत नाही.

दुसरी अडचण जागेची. 12 डब्यांची लोकल सुमारे 250 मीटर, म्हणजे टेबलावर जवळजवळ 3 मीटर! म्हणून डबे 6 घेऊ, फलाटही तेवढाच.

वेगात मात्र तडजोड नको. ताशी 80 किलोमीटर म्हणजे इथं सेकंदाला जेमतेम 25 सेंटिमीटर. त्याहून जोरात पळवली, की रंगकाम कितीही हुबेहूब असो, ती खेळणंच वाटते. तीच गाडी हळू होत फलाटाला लागली, 20 सेकंद थांबली, की बघा, आपलीच नजर दार शोधायला लागते.