कुंची, झबले आणि हॅलोविनचे भूत

अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे निघालेले ज्येष्ठ नागरिक प्रवासापूर्वी माझ्या दवाखान्यात येतात, ते बहुधा तीन गोष्टींसाठी : औषधांची चिठ्ठी, विमानात पाय सुजू नयेत म्हणून काय करावे याचा सल्ला आणि प्रकृती प्रवासास योग्य असल्याचा दाखला. चौथी गोष्ट ते जाताना बोलत नाहीत, परत आल्यावर बोलतात. ‘‘डॉक्टर, तिथं सगळं होतं, पण आम्हांला काही काम नव्हतं.’’ या तक्रारीवर गोळी नाही. मात्र एका साध्या उपायाचा मी साक्षीदार आहे. तो उपाय जुन्या कपड्यांच्या गाठोड्यातून निघाला.

२०२४ च्या ऑक्टोबरात मी तीन आठवडे न्यू जर्सीत भाच्याकडे राहिलो. माझी थोरली बहीण, वय वर्षे ७१, जूनपासून तिथेच होती. माझे मेहुणे आदल्या वर्षी गेले होते. ताईच्या हाताच्या बोटांचे सांधे झिजलेले, रक्तदाब गोळीने आटोक्यात. पण दिवसाचा बराचसा वेळ ती खिडकीशी बसून असे. पूर्वी साऱ्या आळीतल्या बाळंतिणींना झबली आणि कुंच्या शिवून देणारी ही बाई. त्या घरात तिच्या वाट्याला सुईदोरासुद्धा आला नव्हता.

एके दिवशी सहा वर्षांचा नातू शाळेतून चिठ्ठी घेऊन आला. ३१ ऑक्टोबरला हॅलोविन. दुपारी शाळेत वेशभूषेची मिरवणूक. त्याला भूत व्हायचे होते. भाच्याने फोनवर तयार पोशाख पाहिले. वीस-तीस डॉलर किंमत, विरविरीत कापड आणि एका संध्याकाळचा वापर. ताई म्हणाली, ‘‘एवढे पैसे कशाला? मी शिवते की.’’ मग जरा थांबून तिने मला हळूच विचारले, ‘‘पण अरे, त्याच दिवशी लक्ष्मीपूजन आहे ना? लक्ष्मी यायच्या वेळी घरातून भूत बाहेर काढायचं?’’

हा सण आहे तरी काय?

त्या वर्षी अमेरिकेत लक्ष्मीपूजन आणि हॅलोविन खरोखरच एका संध्याकाळी आले होते. ताईला मी सांगितले ते असे. आयर्लंड-स्कॉटलंडकडील प्राचीन केल्टिक लोकांत सुगी संपून हिवाळा सुरू होताना ‘साविन’ नावाचा सण असे. त्या रात्री मृतांचे आत्मे आपल्या जगात येतात, अशी समजूत होती. पुढे ख्रिस्ती पंचांगात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस ठरला आणि त्याच्या आदल्या संध्याकाळला हॅलोविन हे नाव पडले. एकोणिसाव्या शतकात आयरिश आणि स्कॉटिश स्थलांतरितांनी हा सण अमेरिकेत नेला. मायदेशी ते सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. अमेरिकेत त्याची जागा भोपळ्याने घेतली.

आज तो प्रामुख्याने मुलांचा सण आहे. नाना वेश घेतलेली मुले संध्याकाळी घरोघर जातात, ‘ट्रिक ऑर ट्रीट’ म्हणतात आणि पिशवीत गोळ्या-चॉकलेटे गोळा करतात. ज्या घराच्या दारावरचा दिवा लागलेला असेल त्याच घरी जायचे, असा संकेत आहे. ताईने सारे ऐकून घेतले आणि म्हणाली, ‘‘म्हणजे दारात दिवा लागला की पाहुणे येणार. मग काही हरकत नाही.’’

आजीला ठाऊक असलेली विद्या

हॅलोविनचे बहुतेक पोशाख म्हणजे आपल्या आज्यांनी आयुष्यभर शिवलेल्या चार-दोन गोष्टीच आहेत. भुताचा झगा म्हणजे मोठे झबले. डोक्यावरचे आच्छादन म्हणजे कुंची. नव्या कापडाची गरज नाही. घरातील जुने कपडे पुरतात. कमी पडल्यास अमेरिकेत गुडविल किंवा साल्व्हेशन आर्मी यांच्या दुकानांत वापरलेले कपडे स्वस्तात मिळतात. सहज जमतील असे काही वेश पुढे देतो.

भूत : पांढरी चादर दुहेरी घडी घालून मधोमध गळा काढावा आणि दोन्ही बाजूंना, हात बाहेर येतील एवढी जागा सोडून, धावदोरा घालावा. उरलेल्या कापडाची कुंची शिवून तिच्यावर काळ्या कापडाचे डोळे लावावेत. चादर डोक्यावरून घेऊन तिला डोळ्यांची भोके पाडण्याची जुनी रीत टाळावी. चालताना भोके सरकतात आणि मुलाला दिसेनासे होते.

मांजर : काळा सदरा, काळी विजार, हेअरबँडला पुठ्ठ्याचे दोन कान आणि जुन्या मोज्यात कापूस भरून केलेली आखूड शेपटी.

वटवाघूळ : मोडक्या काळ्या छत्रीच्या सगळ्या काड्या काढून कापडाचे दोन भाग करावेत आणि ते सदऱ्याच्या बाह्यांना व पाठीला टाचावेत. छत्रीच्या कडेची नक्षी आपोआप पंखांचा आकार देते.

बुजगावणे : आजोबांचा चौकड्यांचा जुना सदरा, गुडघ्यावर ठिगळे, गवती टोपी आणि बाह्यांच्या टोकांना पिवळ्या लोकरीचे झुपके.

यंत्रमानव : डोके आणि हात बाहेर येतील असा पुठ्ठ्याचा खोका, वर स्वयंपाकघरातील चंदेरी फॉइल आणि बाटल्यांच्या झाकणांची बटणे. मुलाला तो घालून खाली बसता येते का, हे आधी पाहावे.

सारे काम एकट्या आजीने करू नये. नातवंडाने चित्र काढावे, रंग ठरवावेत, पुठ्ठ्यावर आखावे. कापण्याचे आणि शिवण्याचे काम मोठ्यांकडे ठेवावे. दोघांच्या बोलण्याला त्यामुळे निमित्त मिळते. आमच्या घरी नातवाचे मराठी आणि ताईचे इंग्रजी दोन्ही तोकडे; पण भुताचे डोळे गोल की लांबट, या वादात भाषेची अडचण कोणालाच आली नाही.

शिवताना स्वतःकडे लक्ष

बोटांचे सांधे दुखत असतील तर सकाळचा ताठरपणा ओसरल्यावर, कोमट पाण्यात हात शेकून मग काम सुरू करावे. वीस-पंचवीस मिनिटांनी उठून खांदे आणि मान सैल करावी. दिव्याचा उजेड कापडावर पडावा, डोळ्यांवर नको. जाड मुठीची कात्री आणि सुईत दोरा ओवण्याचे साधन जवळ ठेवावे. ज्यांना मधुमेहामुळे बोटांची संवेदना कमी झाली आहे किंवा ज्यांना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू आहेत, त्यांनी अंगुस्तान अवश्य वापरावे. आणि पंधरा दिवस आधी आरंभ करावा. शेवटच्या रात्री घाईने शिवणे हे पाठीचे आणि रक्तदाबाचे शत्रू.

पायांवरून झालेला वाद

कापड कोणते घ्यावे, हे ताईने कोणाला विचारले नाही. एका दुपारी तिने आपल्या बॅगेच्या तळातून मेहुण्यांचे धोतर काढले. ते तिने सोबत नेले होते, हे घरात कोणालाही माहीत नव्हते.

सूनबाई चमकल्या. ‘‘आई, हे नका हो कापू.’’

भाचा दारातच उभा होता. ‘‘बाबांच्या धोतराचं भूत करायचं?’’ त्याचा आवाज चढला नव्हता, पण बदलला होता.

ताई शांतपणे म्हणाली, ‘‘सव्वा वर्ष घडीत ठेवलंय. बघवतही नाही आणि टाकवतही नाही. पोरगं अंगावर घालील, तेवढं तरी होईल.’’

भाचा काही न बोलता निघून गेला. त्या संध्याकाळी जेवणेही अबोल झाली. दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या सायकलच्या सामानातून दिव्याच्या प्रकाशात चमकणारी पट्टी काढली आणि आईसमोर ठेवली. ‘‘पाठीवर ही लाव. अंधारात गाडीवाल्यांना दिसेल.’’ त्या विषयावर त्यानंतर कोणी बोलले नाही.

माझा वाद निराळाच होता. नातवाच्या मते भूत हवेत तरंगते. त्याचे पाय दिसता कामा नयेत. ताईने त्याला हवा तसा, जमिनीला टेकणारा झगा शिवला. मी डॉक्टर म्हणून हट्ट धरला की, तो घोट्याच्या वर चार बोटे तरी हवा. आजी-नातू दोघेही माझ्यावर रुसले. अखेर पांढरा पायजमा आणि पांढरे मोजे यांवर तडजोड झाली.

माझ्या हट्टाला कारण होते. तीस वर्षांच्या व्यवसायात पदर, ओढणी आणि परकराचा घेर यांनी घेतलेल्या पेटीच्या जखमा मी पाहिल्या आहेत. सुती कापड सुरक्षित, असा आपला समज असतो. ते नायलॉनसारखे वितळून कातडीला चिकटत नाही हे खरे. पण जुने, मऊ, सैल सुती कापड क्षणात पेट घेते. त्यात त्या ऑक्टोबरात न्यू जर्सीत पाऊस जवळजवळ पडलाच नव्हता. अंगणातील पानगळ कुरकुरीत कोरडी झाली होती.

पोशाखाची तपासणी

लांबी : झगा घोट्याच्या वर असावा. बाह्या लोंबत्या नसाव्यात. पायांत नेहमीचे, मापाचे बूट हवेत.

चेहरा : मुखवटा नको, त्याने दृष्टी आणि श्वास दोन्ही अडतात. रंग लावायचा असल्यास दोन दिवस आधी हातावर थोडा लावून पाहावा आणि झोपण्यापूर्वी धुऊन टाकावा. शोभेच्या रंगीत कॉन्टॅक्ट लेन्स मोठ्या मुलांनाही देऊ नयेत. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून त्या विकणे अमेरिकेत बेकायदा आहे.

गळा : कुंचीला बंद लावू नयेत. ते कोठे अडकल्यास गळ्याला फास बसतो. त्याऐवजी ओढताच सुटणारी वेल्क्रोची पट्टी लावावी.

ज्योत : भोपळ्यात आणि उंबऱ्यावर बॅटरीचे दिवे ठेवावेत. कपड्याने पेट घेतल्यास धावू नये. जमिनीवर आडवे पडून लोळावे, हे मुलाला खेळ म्हणून आधीच शिकवावे. भाजल्यास तो भाग वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा. बर्फ किंवा टूथपेस्ट लावू नये. जखम मोठी असल्यास ९११ वर फोन करावा.

रस्ता : अमेरिकेतील १९७५ ते २०१६ या ४२ वर्षांच्या नोंदींच्या अभ्यासात, हॅलोविनच्या संध्याकाळी वाहनाखाली पादचारी दगावण्याचा धोका आगल्या-मागल्या आठवड्यांतील त्याच वारच्या संध्याकाळींपेक्षा ४३ टक्क्यांनी अधिक आढळला. म्हणून चमकणारी पट्टी, हातात विजेरी आणि सोबत मोठे माणूस, या तिन्हींत तडजोड नको. ज्यांचा तोल जातो किंवा ज्यांना अंधारात कमी दिसते, अशा आजी-आजोबांनी घरोघर न हिंडता दारात बसून मुलांना खाऊ वाटावा. तेही तितकेच महत्त्वाचे काम आहे. मात्र मधुमेहींनी खाऊचे भांडे सुनेच्या हाती द्यावे!

खाऊ : चार वर्षांखालील मुलांना कडक गोळ्या किंवा अख्खे दाणे देऊ नयेत; ते श्वासनलिकेत अडकतात. एखाद्या दारात हिरवट निळ्या रंगाचा भोपळा दिसला, तर तिथे खाण्याऐवजी छोटी खेळणीही मिळतात. अन्नाची ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी ही सोय असते.

ती संध्याकाळ

एरवी ऑक्टोबर अखेरीस तिथे थंडी असते आणि पोशाखाच्या आत गरम कपडा घालावा लागतो. त्या वर्षी मात्र चक्क उकाडा होता. साडेपाचला आम्ही निघालो. नातू पुढे, भाचा त्याच्या शेजारी, मी मागे. ताई दारात बॅटरीच्या पणत्या मांडून बसली होती. तेलाचे दिवे मुले परत आल्यावर, आत देवापुढे लावायचे, असे तिनेच ठरवले होते.

चौथ्या की पाचव्या घरी पायरीवर कोरलेला भोपळा होता आणि त्यात खरी मेणबत्ती जळत होती. नातू खाऊ घेण्यासाठी पायरी चढून वाकला. झगा ज्योतीपासून वीतभर वरून गेला. भाच्याने ते पाहिले. त्याने माझ्याकडे एकदा वळून बघितले आणि मुलाचा हात धरून त्याला पायरीवरून खाली घेतले. आम्ही दोघेही काही बोललो नाही.

सात वाजता घरी परतलो. झगा न काढताच नातवाने देवापुढे हात जोडले, ताईने निरांजन त्याच्यापासून दूर सरकवले आणि पूजा झाली. त्यानंतरच्या आठवड्यात ताईने सूनबाईंच्या दोन ओढण्यांना काठ लावून दिले आणि शेजारच्या मराठी कुटुंबातील तान्ह्या बाळासाठी एक कुंची शिवायला घेतली. खिडकीशी ती अजूनही बसत असे, पण आता तिथला उजेड चांगला म्हणून.

मी परत निघालो त्या दिवशी झगा धुऊन, इस्त्री करून तिच्या बॅगेत ठेवलेला होता. सहज उलगडून पाहिला. माझ्या सांगण्यावरून आखूड केलेला खालचा भाग तिने कापलेलाच नव्हता. आत दुमडून बारीक टाक्यांनी शिवला होता.

‘‘कापलं का नाहीस?’’ मी विचारले.

‘‘पोरगं वाढेल ना,’’ ती म्हणाली. ‘‘पुढच्या वर्षी उसवून देईन.’’