बॅकस्ट्रोकमध्ये भिंत दिसत नाही, मग अंतर कळतं कसं?

३० जुलै २०२४. पॅरिसच्या ला डिफेन्स अरेनात ऑलिंपिकच्या महिला १०० मीटर बॅकस्ट्रोकची अंतिम फेरी होती, तेव्हा भारतात मध्यरात्र उलटली होती. लक्ष दोघींकडे होतं : ऑस्ट्रेलियाची गतविजेती केली मॅकिओन आणि अमेरिकेची रिगन स्मिथ. मॅकिओनचा ५७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम स्मिथनं सहाच आठवड्यांपूर्वी मोडून ५७.१३ वर आणला होता. पॅरिसमध्ये पहिल्या ५० मीटरनंतर मॅकिओन आघाडीवर नव्हती. तरीही सुवर्ण तिनंच जिंकलं आणि वेळ नोंदवली तीच, ५७.३३! स्मिथ ५७.६६ सेकंदांसह दुसरी.

फरक ०.३३ सेकंदांचा. त्या वेगाचा हिशेब केला तर जेमतेम अर्धा मीटर. म्हणजे शेवटचा हात भिंतीला कधी लागतो, यावर पदकाचा रंग ठरतो. आणि ती भिंत दिसतच नाही.

पताकांचं गणित

भिंतीच्या पाच मीटर आधी पाण्यावर आडव्या पताका लावलेल्या असतात. त्या डोक्यावरून गेल्या की आता किती हात मारायचे, हे प्रत्येकीनं सरावात पक्कं केलेलं असतं. एक हात चुकला तर डोकं भिंतीवर किंवा वेळ वाया. वळण घेताना पोटावर वळण्याची थोडी मुभा आहे. शेवटी मात्र भिंतीला हात लागेपर्यंत पाठीवरच राहावं लागतं, नाहीतर थेट बाद.

१५ मीटरच का?

पृष्ठभागावर लाटा अडवतात, म्हणून पाण्याखाली पाय डॉल्फिनसारखे मारत जाणं जास्त वेगवान ठरतं. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा डेव्हिड बरकॉफ याच पद्धतीनं बरंचसं अंतर पाण्याखालून जायचा. त्यानंतर नियम आला. आता सुरुवातीला आणि वळणानंतर १५ मीटरपर्यंत डोकं पाण्याबाहेर यावंच लागतं. गंमत म्हणजे पॅरिसमध्ये ५७.९८ सेकंदांसह कांस्य जिंकणारी कॅथरिन बरकॉफ ही त्याच डेव्हिडची मुलगी!

विक्रम पाच दिवसांचा

मॅकिओनची वेळ ऑलिंपिक विक्रम ठरली. पुढे २०० मीटरमध्येही तिनं स्मिथला मागे टाकलं आणि टोकियोप्रमाणे दोन्ही सुवर्ण राखली. पण ४ ऑगस्टला मेडले रिले झाली. रिलेत पहिली जलतरणपटू बझरवर निघते, त्यामुळे तिची वेळ वैयक्तिक विक्रमासाठी धरली जाते. अमेरिकेसाठी पहिली स्मिथ होती, ऑस्ट्रेलियासाठी मॅकिओन. स्मिथनं ५७.२८ सेकंद घेतले. ऑलिंपिक विक्रम तिच्या नावावर गेला आणि अमेरिकेनं रिलेचं सुवर्ण ३ मिनिटं ४९.६३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह जिंकलं.